मनुबाई मुलगी उजेडात बसवते

तंबाखूचा हंगाम सुरू झाला की सगळ्या निपाणीला एकच वास. बायकांच्या लुगड्यांना तोच, पोरांच्या केसांना तोच, आणि देवळातून आणलेल्या प्रसादालाही तोच. अशा गावात मुलीला बघायला पाहुणे येणार असले की आधी निरोप जायचा तो मनुबाईकडे. पोह्यांचं काय ते मागाहून.

मनुबाई वखारीत तंबाखूची पानं निवडायची. नवरा मारुतीराव तिथंच हमाल. वर्ण सावळा, अंग काटक, आणि चेहऱ्यावर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण. असल्या बाईला लोक आपली मुलगी सजवायला बोलावत, याचं परगावच्या पाहुण्यांना नवल वाटे. निपाणीकरांना वाटत नसे. त्यांनी तिच्या हाताखालून गेलेल्या मुली बघितल्या होत्या.

ती आली की पहिलं वाक्य ठरलेलं. "हात बघू." तोंड नाही, हात. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं ती चिंचेच्या कोळानं घासायला लावी, मग ताक चोळायला सांगे. टाचा फुटल्या असल्या तर मेण आणि खोबरेल एकत्र कढवून भरायची. जैनांच्या घरी मेण चालत नसे, तिथं नुसतं तूप. केसांना तेल आदल्या दिवशीच. "बघायच्या दिवशी डोसकं तेलानं निथळाय लागलं, की पोरगी दिसत न्हाय, तेलच दिसतंय," असं ती आयांना ठणकावून सांगे. ठेंगण्या मुलीला रुंद काठाचं लुगडं नको. आखूड मानेला ठुशी नको, लांब माळ हवी आणि अंबाडा जरा वर. सावळ्या मुलीला आया हटकून फिका गुलाबी रंग नेसवत, उजळ दिसेल म्हणून. मनुबाई तो खसकन बाजूला सारायची आणि ट्रंक धुंडाळून एखादं गर्द हिरवं नाहीतर आमसुली इरकल काढायची. दागिने नसले तरी तिचं अडत नसे. अबोलीचा गजरा, स्वच्छ नखं आणि ताठ पाठ, एवढ्यावर तिनं कितीतरी लग्नं जमवली. शेवटी ती मुलीच्या हातात पानाचं तबक द्यायची. हात रिकामे असले की मुली बोटं मोडत बसतात, हे तिला ठाऊक होतं. आता बाटल्या-डब्यांनी दुकानं भरली आहेत, पण पोरीच्या पाठीवर हात ठेवून "ताठ बस गं" म्हणणारं त्यात कुणी नाही.

तिचा एक हट्ट मात्र गावाला डोईजड होता. मुलगी दाखवायची ती दिवसाउजेडी, दाराशी, उजेडाकडे तोंड करून. दिवे लागल्यावर दाखवायची असेल तर मनुबाई त्या घरची पायरी चढत नसे.

एका साली गुणाबाईंच्या मुलीचं, चंदनाचं, लग्न ठरत होतं. गुणाबाई म्हणजे पेठेतल्या जैन व्यापाऱ्याची बायको. माणूस प्रेमळ, पण धीराचं नव्हे. चंदना देखणी, नाकीडोळी नीटस, आणि दोन वर्षांमागं देवी येऊन गेलेली. गालांवर आणि कपाळावर वण राहिले होते. चिकोडीहून धरणेंद्र नावाच्या मुलाचं स्थळ आलं, तशी गुणाबाईंची झोप उडाली. त्या स्वतः मनुबाईच्या दारात आल्या. पदराखाली बेळगावहून आणलेला पावडरीचा डबा होता.

मारुतीराव सोप्यात सुंभ वळत बसले होते. गुणाबाई उंबऱ्यापाशी टेकल्या आणि दबक्या आवाजात बेत सांगू लागल्या. "मनाक्का, असं करू या. पाहुणे दुपारी येत्यात. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, ते तर तुला ठावं हाय. जेवणं झाली, पानसुपारी झाली, की होतंय की अंधारगुडूप. मग एकच दिवा लावायचा आन् पोरीला पावडर लावून बाहेर आणायची. काय कळतंय त्यांस्नी?"

"कळत न्हाय. त्या दिवशी न्हाय कळत," मनुबाई म्हणाली.

"मग झालं की!"

"काय झालं? आक्का, लगीन काय त्या एका सांजंपुरतं असतंय व्हय?"

गुणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला काय गं बोलायला. उजेडात दाखवली आन् मोडलं तर? पोरगी जन्मभर माझ्या घरात बसंल."

एरवी मनुबाईनं "बरं" म्हणून विषय मिटवला असता. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं.

"ऐका आक्का. मला माझ्या मामानं दिव्याच्या उजेडात दाखवली. दिवा आपल्या अंगाआड धरला आन् मला मागं बसीवलं. लगीन झालं, रातचीच वरात ह्या घरात आली. सकाळी मी अंगणात पाणी भराय गेले. ह्यांनी सोप्यातनं एकडाव बघितलं. एकडावच. आन् मान खाली घालून भाईर निघून गेलं. मला कवा शिवी दिली न्हाय, हात उगारला न्हाय. पर त्या दिसापासनं ह्या मानसानं माझ्या तोंडाकडं बघितलेलं मला ठावं न्हाय. फसवून आणलेल्या बायकोकडं कोन बघतंय? मोडलं तर मोडूंदे. चंदनाच्या वाट्याला ती सकाळ नगं."

सुंभाचा आवाज थांबला होता. मारुतीराव उठले, पायताण घातलं आणि कुणाशीही न बोलता विहिरीच्या वाटेनं चालते झाले. मनुबाईनं त्यांच्या पाठीकडं बघितलं. आताही ऐकवेना त्यास्नी, असं तिच्या मनात आलं, आणि बोलून गेल्याचा तिला पश्चात्ताप झाला. गुणाबाईंनी डबा पदराखाली घट्ट धरला. उठताना म्हणाल्या, "उद्या लवकर ये. जेवायच्या आधी दाखवू."

दुसऱ्या दिवशी मनुबाईनं चंदनाला जांभळं इरकल नेसवलं. कपाळावर तुपाचा टिपका देऊन त्यावर ठसठशीत कुंकू लावलं, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी तिथं जावी. पावडर लावू दिली नाही. "वणात पीठ बसलं की एकेक वण मोजून घ्यावा असा उठून दिसतो पोरी. त्यापरीस तोंड धू, आन् मान वर कर." मनुबाईनं तबक दिलं, तर तबकातल्या सुपाऱ्याच वाजायला लागल्या, तशा दोघीही हसल्या. त्या हसण्यातच तिनं मुलीला बाहेर ढकललं.

दुपारचं ऊन थेट दारातून आत येत होतं. मुलाची आई चंदनाकडे बघत राहिली. आतल्या दाराआड मनुबाई कान देऊन उभी होती. तिच्यामुळं हे मोडलं तर या घराला तोंड दाखवायला जागा नव्हती. पाहुणे आपसांत कानडीत काही बोलले. मग मुलाच्या आईनं चंदनाला जवळ बोलावलं आणि हनुवटीला हात लावून विचारलं, "देवी कधी आल्या होत्या, बाळ?"

"दोन वर्सं झाली," चंदना म्हणाली. मान वरच होती.

"आमच्या धाकटीला नेलं त्यांनी," बाई म्हणाली. "तू वाचलीस, बरं झालं." तिनं मुलाकडे बघितलं. धरणेंद्र चंदनाकडेच बघत होता, आणि आईनं बघितल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. सूर्य मावळायच्या आत जेवणं झाली, ती साखर वाटूनच.

मनुबाईची मात्र गुणाबाईंनी साखर वाटताच, ऊन असतानाच, ओटी भरून पाठवणी केली. पेठेतून घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरात पाऊल टाकलं तर मारुतीराव सोप्यात नुसतेच बसलेले. सुंभ कोपऱ्यात तसंच पडलेलं.

"जमलं चंदनाचं," ती म्हणाली आणि सवयीनं चुलीकडे वळली.

"थांब जरा," मारुतीराव म्हणाले. ते कधी असं म्हणत नसत. "काल तू ते बोललीस. त्या सकाळचं."

"चुकलं माझं. परक्या बाईफुडं बोलाय नगं हुतं."

"तसं न्हवं. त्या सकाळी आई दारात हुती. आबा माज्या मागं बसलेलं. नव्या बायकोकडं बघत बसलो असतो तर गावभर बाईलवेडा म्हनून बोंब झाली असती. म्हनून मान घातली खाली."

मनुबाई उभीच राहिली. "आन् माझं वण?"

"ते मला आदीच ठावं हुतं. तुज्या मामानं दिवा तसा धरला तवाच समजलं, ही मानसं कायतर लपिवत्यात. मी चुलत्याला इचारलं. त्यो म्हनला, देवी येऊन गेल्यात पोरीला. मी म्हनलं, असूंदे."

"असूंदे म्हनलासा?"

"व्हय."

तिला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त राग आला. सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं. "मग येवढी वरसं का बघितलं न्हाईसा?"

"कवा बघू?" मारुतीराव जमिनीकडे बघत म्हणाले. "मी आत आलो की तू पदर फुडं वडतीस. जेवाय वाढतीस ती पाठ करून. मला वाटलं, हिला मी आवडलो न्हाई. मामानं बळंच उजवली."

पलीकडच्या घरात कुणीतरी भाकरी थापत होतं. मनुबाईनं डोळे पुसले, पदर डोक्यावरून मागं सारला आणि दाराच्या उजेडात नवऱ्यासमोर येऊन बसली.

"बघा मग," ती म्हणाली.

मारुतीरावांनी मान वर केली. सोप्यात ऊन होतं तोवर ते बघत राहिले.