रायबाचा खोंड आणि तीस पानं

...आणि मालोजी म्हणाला, "चिंचोके संपले ना तुझे? मग खोंड लाव!" काल नेमकी इथंच मला जेवायला हाक आली आणि गोष्ट लटकली.

तर रायबा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला धनगरवाडीत राहायचा. दुधाची किटली घेऊन डोंगर उतरायचा आणि रिकामी घेऊन चढायचा. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पण गणपतीत आमच्या गावी पत्त्यांना बसला की उठवावं लागायचं.

सत्त्याण्णव सालचे गणपती. गौरी जेवल्या आणि दुपारी आम्ही मालोजीच्या ओटीवर तीन पत्ती खेळायला बसलो. मालोजी, म्हणजे खालच्या सगळ्या भातखाचरांचा मालक, रायबा, गोमाजी आणि मी. गणपतीपुढे पैसे लावायचे नाहीत ही आमची रीत, म्हणून चिंचोके. गोमाजी आणि मी त्या डावात आधीच पॅक. राहिले दोघे.

"खोंड?" रायबा म्हणाला. "चिंचोक्यांचा खेळ ना, दादा?"

"पैसे थोडेच लावतोय? तू खोंड लाव, मी यंदाच्या भाताचा सगळा पेंढा लावतो. नायतर टाक पानं नि जा वर शेण काढायला!"

पेंढा म्हणताच रायबाचा चेहरा बदलला. शिमग्यात त्याच्या गवताची गंजी वणव्यात जळाली होती. पुढच्या उन्हाळ्यात गुरांपुढे काय टाकायचं, याच घोरात माणूस होता. आणि हातात काय? गुलाम, दस्सी, नव्वी! लागोपाठची तीन पानं! मी शेजारीच होतो, मला दिसली.

एवढ्यात त्याची बायको जनी पडवीत आली. "अवो, खोंडाचं नाव काढलंत तर बघा! माझ्या बापानं दिलेल्या गायीचा हाय तो. नांगराला दुसरं हाय काय आपल्याकडं?"

"गप गो," रायबा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

आता गंमत ऐका. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात नव्हतं, ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. सकाळी आम्ही पाच-तीन-दोन खेळलो होतो. त्या खेळाला तीस पानं लागतात, बारीक सगळी काढून ठेवायची. गोमाजीने ती हरवू नयेत म्हणून परातीखाली सारली, आणि तीन पत्ती सुरू करताना परत मिसळायला विसरला! सणाच्या गडबडीत असं आमच्याकडेच व्हायचं. माझा नातू साहिल याने मला मागाहून हिशोब मांडून दाखवला. बावन्न पानांत लागोपाठची तीन साधारण तीस वाटपांत एकदा येतात. त्या तीस पानांत बारा वाटपांतच एकदा! म्हणजे रायबा जे सोनं समजत होता, ते त्या दुपारी पितळेच्या भावाचं झालं होतं.

रायबाचा हात पानांवरून हलेना. मालोजी मांडी हलवत होता. आत बायकांची गाणी थांबली.

"पंचांग बघतोस काय? शो कर!"

रायबा एकदम माझ्याकडे वळला. "तात्या, मघाच्या डावात तुमच्याकडं काय होतं?"

"राणी, एक्का, दस्सी."

"गोमाजी, तुझ्याकडं?"

"राजा होता एक... बाकी आठवत नाय रे. मोठीच होती."

"त्याच्या आधीच्या डावात?"

"अरे, तो डाव झाला की!" मालोजी ओरडला. "खोंड लावतोस का जनीला विचारतोस अजून?"

सगळे हसले. जनी हसली नाही. रायबाच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला. त्याने पानं एकदा पाहिली, पुन्हा पाहिली. मला वाटलं लावतोच आता. लावला असता तर मीही त्याला अडवलं नसतं, असली पानं कोण टाकतो?

रायबाने ती पालथी घातली. "पॅक."

"भागूबाई!" मालोजीने टाळी पिटली आणि मस्तीत आपली पानं ओटीवर आपटली. राजा, राणी, गुलाम. रायबाच्यापेक्षा मोठी लागोपाठ.

मी रायबाची पानं उलटली. गोमाजी हळूच उठला, परात उचलली आणि दुऱ्या-तिऱ्यांचा गठ्ठा हातात घेऊन तसाच उभा राहिला, जसा काही उंदीर सापडला असावा.

मालोजी त्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असली पानं हातात असताना भ्यालास, रायबा?"

रायबा उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "भ्यालो तर, दादा. दुपारधरनं कुणाच्या हातात एक तिरी आली नाय, मग माझ्यासारखी पानं तुमच्याकडंबी असायचीच. पानं उद्या परत वाटता येतील. खोंड माझ्याकडं एकच हाय."