सवारी कोणाची

गेल्या महिन्यात बी.ए.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचा प्रकल्प मोहरमच्या सवारीवर होता. तिनं लिहून आणलेलं वाचून दाखवलं : ‘शिक्षणाच्या प्रसारामुळे ही प्रथा आपोआप लोप पावली.’ पुरावा म्हणून कॉलेजच्या वार्षिकातला एक जुना लेख. मी म्हणालो, "आपोआप काही झालं नाही. आणि तो लेख जिच्या नावावर आहे तिनं तो लिहिलेला नाही."

ती म्हणाली, "सर, पण आमच्या मॅडमला छापील संदर्भच लागतो."

म्हणजे माझी घाण आता संदर्भ झाली होती.

पूर्वी पांढरकवड्याजवळच्या एका गावात एका शेतकऱ्याच्या, कास्तकाराच्या घरी मोहरमला सवारी बसायची. सवारीचा धातूचा पंजा वर्षभर त्यांच्याच देवघरात राहायचा. तो खांद्यावर घेऊन नाचायचं त्या घरच्या पुरुषांनी. पण पंजाला नवं कापड बांधायचं ते हायवेवर गॅरेज असलेल्या एका मुसलमान मिस्त्रीच्या घराण्यानं. गाठ त्यांचीच लागायची. दोघांपैकी एक घर नसलं तर सवारी उठत नसे, मिरवणूकच निघत नसे.

त्या मिस्त्रीची मुलगी माझी विद्यार्थिनी होती. तेव्हाच्या एका प्रकल्पासाठी मी तिलाच तिथं पाठवलं. कास्तकाराच्या म्हाताऱ्या आईला तिनं विचारलं, "आजी, तुमचा धर्म कोणता?"

"हिंदू. काहून वं?"

"मंग सवारी?"

"सवारी आमची हाय. तुया बाप बांधते, माहा पोरगा नाचवते. एवढं शिकून हे नाही समजत तुले?"

पोरीनं हे जसंच्या तसं लिहून आणलं. मी ते फेकून दिलं. तेव्हा आमच्याकडे ‘सांस्कृतिक अस्मिता’ या विषयावर परिसंवाद होता आणि व्यासपीठावर येणाऱ्यांना काय आवडतं ते मला ठाऊक होतं. मी लिहिलं, ‘हे मूळचे हिंदू कुटुंब अज्ञानामुळे परधर्मीय प्रथेत ओढले गेले.’ परिसंवादात वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. शाल मिळाली. ती पांघरून मी फोटो काढून घेतला. तोच लेख वार्षिकात छापला तो मात्र पोरीच्या नावानं. विद्यार्थी-संशोधनाचं सदर रिकामं होतं. ती केबिनमध्ये येऊन रडली, तर मी म्हणालो, "नाव छापून आलं, आणखी काय पाहिजे?"

गावातल्या पोरांनी तो लेख पारावर मोठ्यानं वाचला. पुढच्या मोहरमला मिस्त्री कापड घेऊन गेला, तर म्हातारीनं दारातूनच सुनावलं, "आमी अडाणी ना? तुयाच पोरीनं लिवलं. जाय घरी." सवारी तेव्हापासून उठली नाही.

एवढं सगळं मी गेल्या महिन्यात आलेल्या त्या विद्यार्थिनीला सांगितलं. तिनं मान हलवली आणि रेकॉर्डर बंद केला. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो.

तो ट्रकखालून बाहेर आला. माझं ऐकून घेतलं.

"सालभर मी तिच्याशी बोललो नाही, साहब," तो म्हणाला. "ती म्हणे, अब्बा, मी नाही लिवलं. मी म्हटलं, नाव तर तुयंच हाय. प्रोफेसर झूट कायले बोलन?"

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मले काय सांगून राह्यले? म्हातारीले सांगा. गाडीवर बसा."

भर उन्हात आम्ही गावात पोहोचलो. म्हातारी ओसरीवर तूर निवडत होती. मिस्त्रीला पाहून तिनं तोंड फिरवलं. मी हात जोडले आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या लेखाच्या मांडणीत संपादनाच्या पातळीवर काही त्रुटी राहिल्या..." इथंही मी भाषण ठोकत होतो.



म्हातारी म्हणाली, "मास्तर, मले समजन असं बोल. आमाले अडाणी कोनं लिवलं?"

"मी," म्हणालो. "पोरीनं नाही. मी लिहिलं."

तिनं सूप खाली ठेवलं आणि मिस्त्रीला म्हणाली, "बस रे बापा. ह्याले राहू दे उभा."