सातव्या भागातली बाई

आप्पांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मला विचारलं, "पोरेसनी माय कोठे शे?"

मुलांची आई कुठे आहे, असं ते विचारत होते. मला वाटलं, आवाज कमी येतोय. मी व्हॉल्यूम वाढवला आणि हेडफोन परत त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते घातले नाहीत. पूर्ण चोवीस मिनिटं ते डोळे मिटून ऐकत बसले होते. मी समोर बसून शाबासकीची वाट बघत होतो. तीन दिवस खपून मी ती बाई इतकी सफाईने काढली होती की तिचा श्वाससुद्धा उरला नव्हता.

हे नीट सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. सुरतच्या उधन्यात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एके काळी इथे खानदेशातले गायक रांगा लावायचे. लग्नाची गाणी, देवीची गाणी, अहिराणी कॉमेडी, सगळं माझ्या हातून गेलं. आता ज्याच्या खिशात फोन त्याचा स्टुडिओ. मी उरलोय जुन्या कॅसेट उतरवायला. कॅसेट उतरवणं म्हणजे ती चांगल्या डेकवर वाजवून तिचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, मग खरखर, गुणगुण, पंख्याचा घरघराट काढून टाकायचा. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ओळखणं म्हणजेच माझा धंदा. निदान मी तसं समजत होतो.

काम आणलं नागपूरच्या मृण्मयीने. ती एका ग्रंथालयात नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ 'बत्ती बुझाओ' या मालिकेला देते. तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर लागलेली हिंदी मालिका. दुसऱ्या महायुद्धातली मुंबई, रस्त्यावर ब्लॅकआउट, रेशनचा काळाबाजार आणि अंधारात खुनी शोधत फिरणारा इन्स्पेक्टर सोनाळकर. तेरा भाग लागले आणि मालिका विस्मरणात गेली. पण काही लोक ती विसरले नाहीत. त्यांनी इंटरनेटवर तिची साइट काढली. नाशिकचा एक दंतवैद्य, कॅनडातला एक इंजिनियर, इंदूरच्या दोन बहिणी, असे पंधरा-वीस जण. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. प्रत्येक भागाचं एक पान. कथा काय, कोण कुठल्या भूमिकेत, सोनाळकरची मोटार कोणती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिना कुठला. प्रत्येक वाक्यामागे पुरावा लागतो. नाही तर दुसरा ते वाक्य खोडतो. इतकी शिस्त मी कुठल्या ऑफिसात बघितली नाही.

बारा भाग त्यांनी कुठून कुठून गोळा केले होते. सातवा कुठेच मिळत नव्हता. आणि नेमक्या सातव्यात गोदामाच्या पहारेकऱ्याचा खून होतो. आठव्या भागात सगळी पात्रं खुनी ठाऊक असल्यासारखी बोलतात, नाव मात्र कोणी घेत नाही. त्यावरून या लोकांची वर्षानुवर्षं भांडणं चालली होती.

मग सुरतेतल्याच बमरोलीच्या एका मुलीने साइटवर लिहिलं की आमच्या आजोबांकडे या मालिकेची एक ऑडिओ कॅसेट आहे. आजोबा म्हणजे आप्पा. मृण्मयीने सुरतेत कॅसेट उतरवणारा शोधला आणि मला फोन केला.

"काका, मुलीने फोनवर थोडं ऐकवलं. मालिकेचा आवाज आहे, पण वरून एक बाई सारखी बोलते. ती काढता येईल?"

"येईल," मी म्हटलं.

"पूर्ण?"

"पूर्ण."

असं छातीठोक बोलायची मला सवय आहे.

कॅसेट आली. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग होतं. मालिकेचा आवाज लांबून येत होता. बाई टेपरेकॉर्डरजवळ बसलेली, म्हणून तिचा आवाज जवळचा आणि ठळक. जवळचा आणि लांबचा आवाज वेगळे करायला आता सॉफ्टवेअर आहे. आधी त्याला एक नमुना द्यावा लागतो, की बघ, असा आवाज दिसला की उचल. मी बाईचं एक वाक्य नमुना म्हणून दिलं. तेवढ्याने भागलं नाही. ती कुजबुजायची, मध्येच हसायची, मध्येच 'अरे देवा' म्हणायची. प्रत्येक ठिकाणी हाताने काम करावं लागलं.

ती अहिराणी बोलत होती. मी मूळचा अमळनेरचा. आई होती तोवर आमच्या घरात हीच बोली होती. मुलगी सुरतेत शिकली, ती गुजराती बोलते. बायको दोन वर्षांपासून पुण्याला मुलीकडे, नातवाला सांभाळायला. आता तीन दिवस माझ्या बंद खोलीत कोणी अहिराणी बोलत होतं आणि ते एकेक शब्द मी पुसत होतो. बरं वाटत होतं, हे कबूल करतो. पण तरीही पुसत होतो. काम म्हणजे काम.

कॅसेट झाली म्हणून ऐकायला आलेले आप्पा अजून हेडफोन हातात धरून बसले होते. "आप्पा, हे मालिकेसाठी साफ केलंय," मी म्हटलं. "मध्ये बाई बोलत होती ना, ती काढली."

त्यांनी हेडफोन माझ्याकडे सरकवले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी मालिका आयकाले नही उनू, भाऊ," ते म्हणाले.

मालिका ऐकायला ते आलेच नव्हते. मला माझीच लाज वाटली. कॅसेट कुणाची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. नागपूरला तीनदा फोन केला, बमरोलीला एकदाही नाही.

सुदैवाने आमच्या धंद्यात एक चांगली सवय असते. साफसफाई नेहमी नकलेवर करायची, मूळ फाइल तशीच ठेवायची. मी मूळ फाइल लावली. आप्पांनी हेडफोन घातले. पहिल्याच मिनिटाला त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसला. एका ठिकाणी ते चक्क हसले. मी उठून त्यांच्यासाठी चहा सांगितला.

ऐकता ऐकता थांबून त्यांनी मला सगळं सांगितलं. ते बमरोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, रातपाळीला. संध्याकाळी सातला जायचे, सकाळी सातला सुटायचे. मालिका रात्री नऊला लागायची. पहिले भाग त्यांनी बायकोकडून, सुमनबाईंकडून, तोंडी ऐकले, पण तिला गोष्ट सांगता सांगता हसू यायचं आणि सगळा घोळ व्हायचा. सांगायला वेळही नसायचा. सुमनबाई सकाळी पावणेसातला सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात साड्यांचे धागे कापायला निघायच्या आणि संध्याकाळी आप्पा कामावर गेल्यावर परतायच्या. आप्पा घरी पोचायचे साडेसातला. एका घरात राहून नवराबायकोची गाठ पडायची ती रविवारी.

मग सुमनबाईंनी टेपरेकॉर्डर लावायला सुरुवात केली. नुसत्या आवाजात माणूस दिसत नाही, म्हणून पडद्यावर काय चाललंय ते त्या मध्ये मध्ये सांगायच्या. "आते सायब जिना चढी राहिना." "हाई बाई खोटं बोली राहिनी, देखा." आप्पा सकाळी भाकरी खाताना ते ऐकायचे. कॅसेट एकच होती. पुढच्या आठवड्याचा भाग त्याच कॅसेटवर, आधीच्या भागावर.

"मग सातवा कसा उरला?" मी विचारलं.

"मंग माले दिवसपाळी भेटनी. दोन्ही जन बठीसन देखाले लागनूत."

म्हणजे नंतर रेकॉर्ड करायची गरजच उरली नाही. सुमनबाई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात त्यांचे फोटो भरपूर होते. आवाज फक्त हा.

त्याच दुपारी मृण्मयीचा फोन आला. साफ केलेली फाइल मी सकाळीच पाठवून दिली होती. तिने आधी माझं कौतुक केलं. मग म्हणाली, "पण काका, गोदामाच्या सीनला चार मिनिटं कोणी बोलतच नाही. पावलं वाजतात, दार वाजतं, काहीतरी पडतं. खून कोणी केला ते कळतच नाही."

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा हेडफोन घालून तोच सीन ऐकत होते.

"मी काढलेली बाई सांगते," मी म्हणालो.

मी मूळ फाइल त्या जागी नेली, आवाज स्पीकरवर घेतला आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेलो. साहेब बाहेरच आहे. आत अंधार आहे. कोणीतरी कंदील धरलाय. हात दिसतो, तोंड दिसत नाही. मग सुमनबाईंचा आवाज एकदम खाली आला, जणू तो माणूस त्यांच्याच घरात उभा होता. "हाऊ ते मुनीम शे. त्यानी आंगठी देखी मी."

गोदामाचा मुनीम. अंगठीवरून ओळखला. मृण्मयीने लगेच सहावा भाग लावला. मुनिमाच्या बोटात अंगठी होती. आजवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. नाशिकच्या दंतवैद्याने नंतर शंका काढली की ही बाई प्रमाण कशी मानायची, ती तर सोनाळकरला सारखं 'सायब' म्हणते, नावसुद्धा घेत नाही. त्यावर इंदूरच्या बहिणींनी त्याला इतकं झोडपलं की तो गप्प झाला.

मी मृण्मयीला सांगितलं की साफ फाइल साइटवर चढवली असशील तर काढ. बाईसकट पूर्ण टाक. मी मराठी अर्थ लिहून देतो. ती आप्पांशी बोलली, त्यांची परवानगी घेतली. पानावर पुराव्याच्या जागी आता लिहिलंय: सुमनबाई, प्रत्यक्ष पाहणाऱ्या, बमरोली, सुरत.

इथे काम संपलं असं मी धरलं. आप्पांना मूळ आवाज पेनड्राइव्हवर दिला. पण आप्पा उठेनात. शेवटचं संगीत वाजून गेल्यावरही ते तसेच बसून होते.

"सरनं ना, आप्पा," मी म्हणालो. संपलं ना.

"सरल्यावर ती बोले. दर टाइमले."

शेवटचं संगीत संपलं तिथेच मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं. कार्यक्रम मिळाला, पुढची फीत कोरी असणार, हे मीच ठरवून टाकलं. शिवाय तिथेच आवाज बसला होता. कॅसेटच्या आत, फीत डेकच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी बोटाच्या नखाएवढी एक गादी असते. डिंक सुकला की ती गळून पडते. तशी ती पडली होती आणि मी दुरुस्तीचा कंटाळा केला होता.

आता इलाज एकच होता. फीत बाहेर काढून दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवायची. इतकी जुनी फीत टोकाशी, जिथे ती चक्रीला जोडलेली असते, तिथे तुटते. तुटली तर जोडता येते, पण चुरगळली तर तेवढा आवाज गेला. मी आप्पांना हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "करा."

मी असली कामं शेकडो केली आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा पंखा बंद करून, कॉटनचे हातमोजे घालून बसलो. स्क्रू काढताना आप्पा माझ्या हाताकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. अर्धा तास लागला. फीत शाबूत बसली. मी रेकॉर्डिंग चालू केलं, मग डेक.

संगीत संपलं. थोडी खरखर. भांड्याचा आवाज. मग सुमनबाई.

"सरनं. जेवी ल्या. भाकर टोपलीमा शे, वरण गरम करी ल्या."

मला वाटलं एवढंच. पण टेप चालू होती. लांब कुठेतरी लूमचा खटखटाट ऐकू येत होता. मग अगदी हळू, जणू टेपला नाही, स्वतःलाच सांगावं तसं:

"तुम्ही घर नही ते टीव्ही देखाले बी गोडी नही लागस."

आणि बटण दाबल्याचा आवाज. तुम्ही घरी नसता तर टीव्ही बघण्यातही गोडी नाही, एवढंच.

आप्पांनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. मग ते म्हणाले, "हाई आयकं आनि दुसराच दिन शेठकडे गऊ. सांगं, माले दिवसपाळी द्या, नही ते मी चालनू."

दिवसपाळी त्यांना मिळाली नव्हती. त्यांनी मागून घेतली होती. म्हणून कॅसेटवर सातवाच भाग शेवटचा राहिला.

हा तुकडा मी साइटवर पाठवला नाही. मृण्मयीलाही सांगितला नाही. मालिकेशी त्याचा संबंध नाही आणि तिथे पुरावा मागतात.

आप्पा गेल्यावर खोलीत बसवेना. आमच्या भिंतींना जाड फोम असतो, बाहेरचा आवाज आत येत नाही. एरवी मला याचा अभिमान असतो. संध्याकाळी बायकोचा पुण्याहून रोजचा फोन आला. जेवलात का, गोळी घेतली का, हे तिचे दोन प्रश्न. हो, हो, ही माझी दोन उत्तरं. एवढं झालं की फोन मीच ठेवायचो, दोन वर्षं हेच चाललं होतं. त्या दिवशी ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. लांब नातू रडत होता, कुकरची शिट्टी झाली. मी म्हणालो, "घरात करमत नाही."

"हे सांगायला दोन वर्षं लागली?" ती म्हणाली.

महिना झाला. तिचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. आणि स्टुडिओत डेकच्या वर मी एक कागद चिकटवलाय, स्वतःसाठीच. कार्यक्रम संपला म्हणून टेप थांबवू नये. फीत संपेपर्यंत चालवावी. दोन्ही बाजू.