पुस्तकात ‘का’ होतं

केशोरीजवळच्या एका खासगी शाळेत मी पूर्ण पगारावर सही करायचो आणि अर्धा हातात घ्यायचो. राइस मिलमध्ये पोती उचलून डी.एड. केलेला माणूस मी. शेवटी एकदा संस्थेच्या अध्यक्षाच्या टेबलावर मूठ आपटली. काच तडकली, मग सौद्याला बसलो. तो म्हणाला, सगळ्या शाळेला वाचता आलं तर पूर्ण पगार. मी त्याला फक्त चौथीच्या वर्गावर आणलं. एकही मूल अडता कामा नये, एवढं त्याने वरून घातलं.

चार महिन्यांत मी तीन छड्या मोडल्या. पण पोरं वाचायला लागली.

ठरल्या दिवशी अध्यक्ष वर्गात खुर्ची टाकून बसला. पान तोच उघडून द्यायचा. एका मजुराची पोरगी वर्गात सगळ्यांत चांगली वाचायची. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ओळ होती, ‘तू का रडतोस?’ तिने ओळ पाहिली, मान वर केली आणि घरी बोलतात तसं म्हणाली, “तू काऊन रडून राहिला?”

पोरं हसली. अध्यक्षाने पुस्तक मिटलं.

“मास्तर, पुस्तकात काऊन कुठी हाय? पोरीनं अंदाजानं ठोकलं. सौदा मोडला.”

ओळ कळल्याशिवाय कुणी ती आपल्या बोलीत फिरवू शकत नाही, हे मला सांगता आलं असतं. एरवी पायलीभर धानासाठी मी तासभर हुज्जत घालतो. त्या दिवशी मी त्या पोरीच्या कानाखाली वाजवली. ती भिंतीवर आदळली, ओठ फुटला. तशीच उठली, पुस्तक घेतलं, पान शोधलं आणि बोट ठेवून वाचलं. “तू. का. रडतोस.”

मार खाऊन वाचलेलं मोजत नाहीत, असं अध्यक्ष हसत म्हणाला.

मी त्याला खुर्चीसकट पाडला. लाकडी डस्टर तोंडावर हाणला, दात पडेपर्यंत. मागून शिपायाने माझ्या डोक्यात स्टूल घातलं. ती खोक अजून हाताला लागते. नोकरी गेली. माझ्या पगाराचा तो अर्धा हिस्सा त्या माणसाने खाल्ला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

रक्त पुसून निघालो तर पोरगी दारात, पुस्तक छातीशी धरून.

“बरोबर वाचलं तू, बाई. दोन्ही वेळा,” मी म्हणालो, आणि पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

तिने पुस्तक टाकलं आणि दोन्ही हातांनी गाल झाकले.