बाहेर उघडणारं दार

दिग्रसजवळ माजी सैनिकांसाठी पुनर्वसन निवास बांधायचा होता आणि आराखडा माझा होता. जमिनीवर फक्कीनं खोल्या आखून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खोदकाम सुरू होणार म्हणून मी सकाळपासून नकाशा घेऊन एकेक खोली तपासत होते.

तेवढ्यात एक गृहस्थ कुबडीवर आले. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. त्यांनी माझ्या हातातला नकाशा मन लावून पाहिला, न्हाणीच्या चौकोनात गेले, कुबडी बाजूला ठेवली आणि चक्क मातीत आडवे झाले. मी घाबरून धावले.

"मॅडम, मी असा पडलो, तं तुमचं दार माह्याच अंगाले अडकन," ते पडल्या पडल्या म्हणाले. "आत उघडते न ते?"

आतच उघडत होतं. प्रत्येक खोलीच्या न्हाणीचं.

"घरी असाच पडलो होतो. बायको बाहेरून दार लोटून राह्यली, अन् मीच आतून अडवून राह्यलो. हलताच येये ना."

"किती वेळ?"

"शेजाऱ्यानं दार तोडलं तवापावतर."

ते उठले, शर्ट न झटकताच निघून गेले. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

त्याच दुपारी मी नकाशातल्या सगळ्या न्हाण्यांची दारं बाहेर उघडणारी केली. तरी जीव थाऱ्यावर येईना. माझे बाबा पुसदला एकटे राहतात. त्यांना फोन लावला, तर तो वाजतच राहिला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी उचलला.

"आंघोळीले गेलतो. काहून वं, काय झालं?"

"बाबा, आपल्या न्हाणीचं दार आतच उघडतं ना?" मी विचारलं.