बारीक आवाजाची कॅसेट

"माय, टेपच दमलीय. मी काय करू?" एका कानाला हेडफोन, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा, आणि हात आवाजाच्या बटणावर, असे आमचे शूटिंगवाले काका जिंतूरच्या दुकानात बसलेले असायचे. तुमच्याही गावात असे एक काका असतील. निम्म्या गावाची लग्नं त्यांनी पाहिली, पण धड पंगतीला कधी बसले नाहीत.

म्हातारपणी त्यांनी जुन्या कॅसेटी कंप्युटरवर घेऊन द्यायचं काम धरलं. हात चांगलाच बसला होता. पेडगावच्या एका घरची लेक वारली होती. लग्नात सासरी निघताना ती आईच्या कानात काही बोलली होती, तेवढं काकांनी खरखरीतून वर काढून दिलं. त्या माउलीने दुकानातच त्यांचे हात धरले.

म्हणून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची कॅसेट मी डोळे झाकून त्यांनाच दिली. वालूरच्या शाळेतला अण्णांचा निरोप समारंभ, शूटिंगही काकांचंच. त्या भाषणात अण्णांनी आयुष्यात एकदाच चारचौघांत आईचं नाव घेतलं होतं. अण्णा गेल्यावर आईला तेवढंच पुन्हा ऐकायचं होतं. काकांनी पेनड्राइव्ह दिला. चित्र लख्ख, पण कान लावूनही शब्द कळेना. विचारलं तर मलाही तेच, टेपच दमलीय. आई म्हणाली, त्यांचा तरी काय इलाज, घरचा माणूस आहे. आमच्याकडे जेवायला यायचे, अण्णांना 'सर, सर' म्हणताना थकायचे नाहीत.

काका वारले तेव्हा सख्खा काका गेल्यासारखी मी रडले.

मागच्या महिन्यात तीच कॅसेट परभणीच्या एका दुकानात दिली. आवाज खणखणीत आला. कॅमेऱ्याचा माइक जवळचं आधी पकडतो, आणि सगळ्यांत जवळ काकाच होते. लांब स्टेजवर अण्णा आईचं नाव घेतात, गळा भरून थांबतात, आणि काका शेजारच्याला सांगतात, "लय नाटकी हाय मास्तर. आता बायकोच्या नावानं रडून दाखवायलाय." दोघं हसतात. पुढचं सगळं भाषण असंच.

म्हणजे हेडफोन लावून त्यांनी हे ऐकलं होतं. स्वतःचा आवाज झाकायला अण्णांचाही पाडला, आणि वर आमच्याच घरी बसून चहा प्याले. माझं ते रडणं मला परत हवंय.

आई रोज विचारायची, आला का आवाज. आज तिला समोर बसवलं. अण्णांचा आवाज वाढवला की काकांचाही तेवढाच वाढतो, म्हणून मी अगदी बारीक लावलं. आईने खुर्ची पुढे ओढली.

"अजून थोडा मोठा कर," ती म्हणाली.