गार्डाच्या नडगीला लागलेला पाय

एकोणिसावे शतक संपायला अजून दहा-बारा वर्षे होती. मुंबईतले आमचे कॉलेज लहान होते. इमारत भाड्याची, मैदान नाही. फुटबॉल खेळायची टूम निघाली तेव्हा खेळायला तयार झालेल्या अकरांपैकी सातजण ठाणे-कल्याणकडचे निघाले, त्यामुळे सराव आणि सामने ठाण्यातच ठरले. तुरुंगाच्या पलीकडे खाडीकडे उतरत जाणारे एक गवताळ मैदान होते. त्याच्या खालच्या अंगाला मिठागरे होती. पावसाळ्यात मिठागरांचे काम बंद असे आणि आमचे सुरू होई. गोलाचे खांब म्हणजे चार बांबू आणि वरून बांधलेला काथ्या. चेंडू मात्र खरा विलायती होता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो देताना अट घातली होती : "हंगामात एक तरी गोल करून दाखवा. झाला तर पुढच्या पावसाळ्यातही चेंडू तुमचा. नाही झाला तर तो क्रिकेटवाल्यांच्या कपाटात जाईल आणि तुम्हीही क्रिकेट खेळा."

ही अट सगळ्यांत जास्त लागली ती आमच्या कप्तानाला. तो ठाण्यातल्या एका वकिलाचा मुलगा. घरोघरी जाऊन, कोणाच्या आईची समजूत घालून, कोणाच्या वडिलांना खोटे सांगून संघ त्याने एकट्याने उभा केला होता. त्याला जिंकायचे नव्हते. त्याला एक गोल हवा होता.

मला धाप लागत असल्यामुळे मी खेळत नसे. त्या काळी प्रत्येक संघ आपापला एक पंच आणत असे आणि त्या दोघांचे जमले नाही तर रेफरी निकाल देई. आमच्या बाजूचा पंच मी होतो. हातात एक काठी असे. काही आक्षेप असेल तर ती वर करायची. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत पाहिलेले तेवढेच लिहायची शिस्त लागली, तिची सुरुवात बहुधा त्या काठीपासून झाली असावी. या हंगामाबद्दल इथे जे सांगतो आहे ते मी काठी हातात घेऊन, कडेला उभे राहून पाहिलेले आहे.

संघातला सर्वांत चांगला खेळाडू नदीपलीकडच्या मोहने गावचा होता. त्याचे वडील पुराणिक, म्हणून आम्ही त्याला 'बुवा' म्हणत असू. रोज पहाटे तो तरीने उल्हास नदी ओलांडी आणि चिखल तुडवत कल्याणच्या स्टेशनावर येई. अंगाने बारीक, बोलण्यात मंद. पण मैदानावर उतरला की त्याच्यात काय होई ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. बाकीचे चिखलात घसरत. त्याची अनवाणी बोटे चिखल धरून ठेवीत. चेंडू पायात आला की तो त्याच्याकडे पाहत नसे. समोरच्या माणसाच्या गुडघ्यांकडे पाही, आणि तो माणूस ज्या बाजूला जाणार नाही त्या बाजूने निघून जाई. पुढे नोकरीच्या निमित्ताने मी नावाजलेल्या पलटणींचे सामने पाहिले. तसे पळणे पुन्हा दिसले नाही.

पहिला सामना कल्याणच्या रेल्वेवाल्यांशी होता. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड. काही गोरे, काही युरेशियन, सगळ्यांच्या पायांत जाड बूट. खेळ सुरू होऊन पाच मिनिटे झाली नसतील. बुवा चेंडू घेऊन दोघांना मागे टाकून गेला. शेवटी आडवा होता तो एक थोराड, तांबूस मिशांचा गार्ड. बुवाचा पाय त्याच्या नडगीला लागला आणि बुवा थांबला. चेंडू पुढे घरंगळत गेला. बुवा वाकला, गार्डाच्या गुडघ्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि मगच पळायला लागला. तोवर चेंडू रेल्वेवाल्यांनी परत पाठवला होता.

पाय लागला की नमस्कार करायचा हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. त्या दिवशी आमच्या अकराही जणांनी कधी ना कधी ते केले. गोलकीपरने तर आपल्याच माणसाला केले.

रेल्वेवाल्यांच्या पंचाने काठी वर केली. रेफरी बांधकाम खात्यातला एक तरुण इंजिनिअर साहेब होता. त्याने मला इंग्रजीत विचारले, "तुमचा माणूस हे काय करतो आहे?"

"माफी मागतो आहे, साहेब."

"कशाबद्दल?"

"पाय लागला म्हणून."

"म्हणजे लागला तर," साहेब म्हणाला आणि त्याने आमच्याविरुद्ध फ्री किक दिली. चुकून लागलेला पाय हा गुन्हा नाही, जाणूनबुजून मारलेली लाथ हा गुन्हा, हे नियमांच्या पुस्तिकेत होते आणि मी ते त्याला दाखवले. तो म्हणाला, "कबुलीजबाब असताना मी पुस्तक कशाला पाहू?" त्या सामन्यात आमच्याविरुद्ध जितक्या फ्री किक झाल्या, त्यांतल्या बहुतेक आमच्याच नमस्कारांमुळे.

कप्तान पेटला. पुढचा आठवडाभर त्याने संघाला वेगळीच कवाईत दिली. दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, हात पाठीमागे बांधायचे आणि एकमेकांच्या पायांना पाय लावायचे. ज्याचा हात सुटेल त्याने मैदानाला एक फेरी मारायची. पहिल्या दिवशी रांगांतले सगळेच फेऱ्या मारत होते. मिठागरांच्या बांधावर बसलेले दोन आगरी म्हातारे हे बघत होते. त्यांतला एक मला म्हणाला, "कॉलेजान ह्या शिकवतान काय रं तुम्हाला? एकमेकांना लाथा माराया?"

आठवड्याने दहाजणांचे हात सुटेनासे झाले. बुवाने मात्र कवाईत केलीच नाही. तो रांगेबाहेर उभा राहिला.

"काय रे, तुला वेगळं आमंत्रण द्यायचं?" कप्तानाने विचारले.

"मला जमायचं नाही."

"देवळात आलायस काय? तो गार्ड म्हणजे काय मारुती लागून गेला?"

"वडिलांना शब्द दिलाय," बुवा म्हणाला. खेळायची परवानगी मागायला तो गेला तेव्हा वडील म्हणाले होते, "खेळ. पण पायाचा खेळ आहे, पाय लागणार. ज्याला लागेल त्याला नमस्कार केल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. मग तो साहेब असो नाही तर हमाल."

"वडील मोहन्याला. इथं कोण बघतंय?"

बुवा रांगेबाहेरून हलला नाही. कप्तानाने मैदानाला पाठ केली आणि तो खाडीकडे पाहत उभा राहिला. बुवाला वगळणे त्याला परवडणारे नव्हते. गोल झालाच तर तो बुवाच्याच पायाने होणार हे आम्ही सगळे जाणून होतो.

पुढचे सामने तसेच गेले. बुवा तीन-तीन माणसांना चुकवून जाई, आमचा श्वास अडके, आणि कुठे तरी कोणाचा तरी पाय लागे. मग तो थांबे, वाके आणि चेंडू जाई. प्रतिपक्षांना हे लवकरच कळले. पायदळाचा एक संघ आला होता. त्यांना कोणी तरी आधीच सांगून ठेवलेले दिसले, कारण बुवा जवळ आला की ते चेंडूकडे जातच नसत. नुसता पाय पुढे करून ठेवीत. बुवा ते चुकवायला शिकला. एकदा तर त्याने आडव्या आलेल्या दोन बुटांवरून उडी मारली आणि चिखलात उतरताना तोल जाऊ दिला नाही. बांधावरच्या त्या म्हाताऱ्याने तेव्हा तोंडातली विडी काढून हातात धरली आणि ती विझेपर्यंत परत तोंडात घातली नाही. तरी शेवटी एखादा पाय लागेच. गोल एकही झाला नाही.

शेवटचा सामना गणपतींनंतर पुन्हा रेल्वेवाल्यांशी होता. पाऊस ओसरला होता. मैदान वरून सुकले होते, पण पाय पडला की आतला चिखल वर येई. प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः आले आणि छत्री उघडून खुर्चीवर बसले. रेल्वेवाल्यांनी तीन गोल केले. आमचे काही नव्हते. रेफरी तोच इंजिनिअर. त्याने घड्याळ पाहून मोठ्याने सांगितले, "पाच मिनिटं."

चेंडू बुवाकडे आला तेव्हा तो आमच्याच अर्ध्या भागात होता. पहिल्या माणसाला त्याने बाहेरून टाकले, दुसऱ्याला आतून. तिसरा त्याच्या अंगावर धावून आला. बुवा जागच्या जागी उभा राहिला आणि तो माणूस त्याच्या शेजारून घसरत पलीकडे गेला. पाय कोणाचाच लागला नव्हता. मैदानावर इतकी शांतता झाली की बुवाच्या पावलांचा चिखलातला आवाज मला कडेला ऐकू येत होता. समोर तो गार्ड उरला. त्याने सवयीप्रमाणे पाय पुढे केला. या वेळी चुकवायला जागा नव्हती. बुवाचा पाय त्याच्या नडगीला लागला. मी तिथून दहा हातांवर होतो, मला आवाज आला.

गार्ड सरळ उभा राहिला. काम झाले होते. हंगामभर जे व्हायचे तेच आता व्हायचे होते. त्याने हातही सैल सोडले आणि तो नमस्काराची वाट पाहू लागला.

बुवा थांबला नाही. गार्डाच्या बगलेतून तो निघून गेला, वीसेक पावले पळाला आणि त्याने चेंडू दोन बांबूंमधून घातला. त्यांचा गोलकीपरही गार्डासारखाच उभा होता.

आमचे लोक ओरडले तो आवाज तुरुंगाच्या भिंतीवर आपटून परत आला. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीतून उठले. कप्तान धावत गेला आणि त्याने बुवाला मिठी मारली. रेल्वेवाल्यांच्या पंचाने काठी उचललेली नव्हती. रेफरीने मैदानाच्या मधोमध बोट दाखवले. गोल झाला होता.

बुवा मात्र मागे वळून गार्डाकडे पाहत होता. कप्तानाच्या ते लक्षात आले. त्याने बुवाचा दंड धरला.

"नाही हं. आत्ता नाही. दोन मिनिटं राहिलीत. शिट्टी झाली की मग काय साष्टांग घालायचा तो घाल."

"एक पाऊल म्हणाले होते वडील. वीस झाली."

"मग बावीस होऊ देत! अरे, तू वाकलास की साहेब गोल काढून घेईल. कळतंय ना तुला? संघ संपेल."

"कळतंय."

"मग?"

"तो माझ्यासाठी थांबला होता रे," बुवा म्हणाला. "त्याला खात्री होती म्हणून थांबला. त्यामुळे गेला चेंडू."

कप्तानाने दंड सोडला नाही. बुवाने हिसडाही दिला नाही. दोघे तसेच उभे होते. मग कप्तानाची बोटे सैल झाली. ती त्याने सोडली की सुटली हे मी त्याला पुढेही विचारले नाही. बुवाने त्याला वीस पावले दिली होती. दोन मिनिटे देणे त्याला जमले नाही.

तो सबंध अंतर चालत परत आला. पळाला असता तर कदाचित कोणाचे लक्ष गेले नसते. चालत आला म्हणून मैदानावरचे सगळे त्याच्याकडे पाहू लागले. गार्डासमोर येऊन तो वाकला, गुडघ्याला हात लावला, कपाळाला लावला. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकून राहिला.

रेल्वेवाल्यांच्या पंचाची काठी वर गेली. मीही काठी वर केली आणि रेफरीला सांगितले की गार्डाने पाय मुद्दाम आडवा घातला, मी पाहिले आहे. त्याने ऐकून घेतले आणि बुवाला विचारले, "तू याला मारलंस?"

"पाय लागला, साहेब."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "आरोपी कबूल होतो तेव्हा साक्षीदार लागत नाही." मग त्याने गोल रद्द केला. या वेळी मात्र हे सांगताना त्याचा आवाज खाली आला होता.

 गार्डाने टोपी काढली. नमस्काराला उत्तर म्हणून काढली की घाम पुसायला, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. एवढे खरे की त्याने घाम पुसला नाही आणि शिट्टी होईपर्यंत टोपी परत घातली नाही. उरलेली दोन मिनिटे चेंडू इकडून तिकडे जात राहिला, पण कोणी फारसे पळत नव्हते.

प्रिन्सिपॉलसाहेब जाताना कप्तानापाशी थांबले. "असं पळणं मी विलायतेतही पाहिलं नाही," ते म्हणाले. "पण गोल नाही." शिपायाने चेंडू उचलला आणि तो त्यांच्यामागून निघाला. चेंडूला लागलेला चिखल त्याच्या सदऱ्याला लागत होता.

बाकीचे स्टेशनाकडे गेले. बांबू उपटून परत करायचे होते, त्यामुळे कप्तान, बुवा आणि मी मागे राहिलो. कप्तान बुवाशी बोलत नव्हता. तीन बांबू निघाले. चौथा रुतून बसला होता. बुवा तो हलवीत होता आणि कप्तान बुडाशी लाथा मारीत होता, गरजेपेक्षा जोरात. एक लाथ घसरली आणि बुवाच्या घोट्यावर बसली.

कप्तान थांबला. हात पाठीमागे बांधायची कवाईत त्यानेच घेतली होती आणि त्याच्याइतकी ती कोणाला साधली नव्हती. तो वाकला. बुवाच्या गुडघ्याला त्याने हात लावला आणि कपाळाला नेला. कपाळाला चिखल लागला तो त्याने पुसला नाही.

बुवाने बांबूला आणखी एक हिसका दिला. चौथाही निघाला. त्याचे एक टोक बुवाने खांद्यावर घेतले, दुसरे कप्तानाने.